दारू सोडणाऱ्यांची मीटिंग: पत्ता शोधण्यापासून नंतरच्या चहापर्यंत

अल्कोहोलिक्स ॲनॉनिमसच्या, म्हणजे एएच्या, मीटिंगला एकदा जाऊन पुन्हा तिकडे न फिरकणारे पुष्कळ असतात. कारण विचारलं तर त्याचा दारूशी फारसा संबंध नसतो. सांगितलेल्या शाळेला कुलूप होतं. मीटिंग इंग्रजीत निघाली. भिंतीवर क्रूस दिसला आणि वाटलं, इथे धर्म बदलायला लावतात. आपल्याच गल्लीतला एकजण समोर बसलेला होता. नाहीतर बोलायला लावतील या धास्तीने दारातूनच पाय मागे वळले. यातली जवळजवळ प्रत्येक अडचण आधी ठाऊक असली तर टाळता येते. म्हणून एए म्हणजे काय याच्या तत्त्वचर्चेपेक्षा त्या दीड तासात नेमकं काय होतं, त्याआधी काय करायचं आणि नंतर काय, यावर इथे जास्त जागा खर्च केली आहे.

आधी डॉक्टर, मग मीटिंग: हे कुणाला लागू

सकाळी उठल्यावर हात थरथरतात, घोट घेतला की थांबतात, असं होत असेल तर "आजपासून बंद" म्हणून थेट मीटिंगला जाऊ नका. शरीराला रोजच्या दारूची सवय लागली असताना ती एकदम तोडली तर धोका असतो. शेवटच्या पेगनंतर साधारण 6 ते 12 तासांत घाम, थरथर, मळमळ, धडधड सुरू होते. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या दरम्यान काहींना भ्रम होतो: नसलेली माणसं दिसतात, आवाज ऐकू येतात, ताप चढतो, आपण कुठे आहोत ते कळत नाही. याला डॉक्टर डेलिरियम ट्रेमेन्स म्हणतात. वेळेवर उपचार न मिळाल्यास यात जीव जाऊ शकतो. फिट किंवा भ्रम दिसला तर 108 ला फोन करा. मीटिंग आणि समुपदेशन या गोष्टी त्यानंतरच्या.

पूर्वी दारू सोडताना फिट आली असेल, वय जास्त असेल, कावीळ होऊन गेली असेल किंवा झोपेच्या गोळ्याही चालू असतील तर घरी प्रयोग करूच नये. सरकारी किंवा जिल्हा रुग्णालयाच्या मनोविकार ओपीडीत हे काम होतं. पाच-सात दिवस औषधं देऊन ती हळूहळू कमी करतात, सोबत बी-1 जीवनसत्त्व देतात. डॉक्टर विचारतील, "किती घेता?" तेव्हा "थोडी" म्हणू नका, बाटलीच्या मापात सांगा. 42.8 टक्क्यांची 180 मिलिलिटरची एक क्वार्टर म्हणजे सुमारे 60 ग्रॅम शुद्ध अल्कोहोल. 10 ग्रॅमचं एक माप धरलं तर ही सहा मापं झाली. 8 टक्क्यांच्या स्ट्राँग बिअरची 650 मिलिलिटरची बाटली चार मापांची भरते. "मी फक्त बिअर घेतो" म्हणणाऱ्याच्या दोन बाटल्या म्हणजे सव्वा क्वार्टरहून जास्त होतात. गोळ्यांचा डोस ठरवताना डॉक्टरांना हा हिशेब लागतो. लाजेपोटी आकडा कमी सांगितला तर औषध कमी पडतं आणि तिसऱ्या दिवशी त्रास वाढतो.

मीटिंग हे सगळं करत नाही. तिथे डॉक्टर नसतो, गोळ्या नसतात, समुपदेशकही नसतो. दारू उतरल्यानंतरचे महिने आणि वर्षं पार कशी करायची, तेवढाच तिचा विषय.

हे प्रकरण सुरू कुठून झालं

इतिहास दोन परिच्छेदांपुरताच, कारण मीटिंग अशी विचित्र का असते ते त्यातून कळतं. मे 1935 मध्ये न्यूयॉर्कचा बिल विल्सन नावाचा शेअर बाजारातला माणूस कामासाठी ओहायो राज्यातल्या अ‍ॅक्रन गावी गेला. काम फसलं. तो पाच महिने दारूपासून लांब होता आणि हॉटेलच्या लॉबीत उभा होता. एका टोकाला बार, दुसऱ्या टोकाला टेलिफोन. आतापर्यंत दुसऱ्या पिणाऱ्यांशी बोलत राहिल्यामुळेच आपण टिकलो, हे त्याला आठवलं. त्याने गावातल्या पाद्र्यांना फोन लावायला सुरुवात केली: मला एखादा दारुडा भेटवा. असे फोन फिरता फिरता त्याची गाठ डॉ. बॉब स्मिथ या सर्जनशी पडली. डॉ. बॉबने शेवटचा घोट घेतला तो 10 जून 1935 हा दिवस एएचा जन्मदिवस मानला जातो.

म्हणजे बिलला त्या दिवशी दुसऱ्याला सुधारायचं नव्हतं, स्वतःला वाचवायचं होतं. आजही मीटिंगमध्ये जुना माणूस नव्याला चहा देतो, नंबर देतो, तेव्हा तो उपकार करत नसतो. त्यालाही त्याची गरज असते. हे लक्षात ठेवलं की "त्यांना कशाला त्रास द्यायचा" हा संकोच निम्मा कमी होतो.

याचा उपयोग होतो का? 2020 साली कोक्रेन या वैद्यकीय संशोधनाचे आढावे घेणाऱ्या संस्थेने 27 अभ्यास आणि 10,565 लोकांची माहिती एकत्र तपासली. ज्या उपचारपद्धती माणसाला नीट हाताला धरून एएशी जोडून देतात, त्या दारू पूर्ण बंद ठेवण्याच्या बाबतीत इतर मान्य उपचारांच्या तोडीच्या किंवा त्याहून सरस ठरल्या. यात "हाताला धरून" हा भाग महत्त्वाचा. 1981 मधला एक अगदी छोटा अमेरिकी प्रयोग आहे. दहा जणांना मीटिंगची फक्त माहिती दिली. दुसऱ्या दहा जणांना एका जुन्या सभासदाशी फोनवर बोलायला लावलं, त्याने आधी आठवण करून दिली आणि सोबत नेण्याची तयारी दाखवली. पहिल्या दहांतला एकही गेला नाही. दुसरे दहाही गेले. वीस माणसांवरून जगाचा नियम काढता येत नाही, पण पत्त्याची चिठ्ठी हातात ठेवून काम संपत नाही, हे मात्र मीटिंगमधला कुणीही सांगेल.

गट शोधायचा कसा

एए इंडियाच्या संकेतस्थळावर शहरवार मीटिंगची यादी आणि हेल्पलाइन आहे. मुंबई, ठाणे, पुणे, नाशिक, नागपूर, गोवा या बाजूंना पर्याय भरपूर. मुंबईत तर एका संध्याकाळी अनेक ठिकाणी मीटिंग असतात. यादीवर डोळे झाकून विश्वास ठेवू नका. गट भाड्याच्या किंवा मागून घेतलेल्या खोलीत बसतात. शाळेला सुट्टी लागली, परीक्षा आली, मतदान केंद्र पडलं, चर्चमध्ये लग्न निघालं की जागा बदलते, आणि यादीत जुनाच पत्ता राहतो. त्यामुळे ज्या दिवशी जायचं त्याच दिवशी सकाळी फोन करा आणि एवढं विचारा:

आज मीटिंग आहे का आणि नेमकी किती वाजता? कोणत्या इमारतीत, कोणत्या मजल्यावर, कोणती खोली? भाषा मराठी, हिंदी, कोकणी की इंग्रजी? ओपन की क्लोज्ड? आणि शेवटी: मी पहिल्यांदाच येतोय, खाली गेटवर कुणी भेटेल का?

शेवटचा प्रश्न सर्वांत उपयोगाचा. जवळजवळ नेहमीच उत्तर "हो" येतं, कारण वर सांगितल्याप्रमाणे त्यांनाही ते हवं असतं. ओपन मीटिंगला घरचे, मित्र, विद्यार्थी कुणीही बसू शकतात. क्लोज्ड फक्त ज्यांना दारू सोडायची आहे त्यांच्यासाठी. बायकोला किंवा भावाला सोबत न्यायचं असेल तर ओपन निवडा, नाहीतर त्यांना बाहेर रस्त्यावर ताटकळत उभं राहावं लागतं.

फोन करायला जीभ रेटत नसेल तर आणखी वाटा आहेत. 14446 हा केंद्र सरकारचा नशामुक्तीचा मोफत नंबर. 14416 म्हणजे टेलिमानस, 2022 पासून चालू आहे, चोवीस तास असतो आणि मराठीतही बोलता येतं. सरकारी रुग्णालयातल्या मनोविकार विभागातले सामाजिक कार्यकर्ते आसपासचे गट ओळखून असतात.

एए हा एकच मार्ग आहे असंही नाही. पुण्याच्या मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्राने 1986 पासून महाराष्ट्रात उपचारानंतरच्या फॉलोअप गटांची मोठी परंपरा उभी केली. तिथे समुपदेशक असतो, मराठीत बोलणं होतं, आणि वातावरण आपल्याकडच्या कौटुंबिक मेळाव्यासारखं असतं. देव किंवा उच्च शक्ती हे शब्दच नको असणाऱ्यांना स्मार्ट रिकव्हरीच्या ऑनलाइन बैठका जवळच्या वाटतात, मात्र त्या मुख्यतः इंग्रजीत चालतात. एक सोडून दुसरं धरलंच पाहिजे असं काही नाही. सोमवारी एए आणि महिन्यातून एकदा केंद्राचा फॉलोअप, असं अनेकजण करतात.

त्या दीड तासात काय होतं

महापालिकेच्या शाळेचा वर्ग डोळ्यासमोर आणा. बाकं मुलांच्या मापाची, त्यामुळे गुडघे अडकतात. फळ्याच्या खिळ्याला सुतळीने दोन लांब फलक टांगलेले: एकावर बारा पायऱ्या, म्हणजे सभासदाने एकेक करून करायच्या गोष्टी, दुसऱ्यावर बारा परंपरा, म्हणजे गट कसा चालवायचा त्याचे संकेत. टेबलावर थर्मास, कागदी कप, बिस्किटांचा पुडा, एक घड्याळ. मुंबई-गोव्यात बऱ्याचदा हे सगळं चर्चच्या हॉलमध्ये असतं. तिथला क्रूस हॉलचा, गटाचा नाही. गट खोलीपुरतं भाडं किंवा देणगी देतो, कोणत्याही धर्माशी, पक्षाशी किंवा संस्थेशी जोडलेला नसतो.

दारात कुणी नाव लिहून घेत नाही. फॉर्म नाही, फी नाही, आधार कार्ड नाही. सभासद व्हायला एकच अट: दारू सोडायची इच्छा. सोडलेलीच असली पाहिजे असंही नाही. नुसतं पहिलं नाव पुरतं, तेही खोटं सांगितलं तर कुणी विचारत नाही.

त्या दिवशी मीटिंग चालवणारा, म्हणजे चेअरपर्सन, वेळ झाली की सुरुवात करतो. क्षणभर शांतता, मग एएची ओळख करून देणारा ठराविक उतारा, एखादी प्रार्थना, पुस्तकातलं पानभर वाचन. मग "आज कुणी नवीन आहे का?" हा प्रश्न येतो. याच क्षणाची लोकांना सर्वांत जास्त भीती वाटते, म्हणून वाक्य तयार ठेवा: "माझं नाव अमुक. आज पहिल्यांदा आलोय. आज फक्त ऐकतो." एवढं पुरे. हेही नको असेल तर हात वर करू नका. बाकीचे स्वतःच्या नावापुढे "अल्कोहोलिक" लावतात. तुम्ही लावलंच पाहिजे असं नाही. "बेवडा" हा शब्द लोक लावतात, "अल्कोहोलिक" हा माणूस स्वतःला लावतो. त्यातला फरक दोन-तीन मीटिंगनंतर आपोआप कळतो.

मग शेअरिंग. एकेकजण पाच-सात मिनिटं बोलतो: पीत होतो तेव्हा काय झालं, सोडायला काय भाग पडलं, आता कसं चाललंय. मध्ये कुणी तोंड घालत नाही, सल्ला देत नाही, वाद घालत नाही. मराठी माणसाला हे सुरुवातीला फार जड जातं, कारण आपल्याकडे चौघे बसले की पाचव्याच्या बोलण्यावर मत द्यायचं असतंच. इथे प्रत्येकाने आपलंच सांगायचं, दुसऱ्याचं दुरुस्त करायचं नाही. ऐकताना फरकाकडे लक्ष जातं: "हा तर फूटपाथवर झोपायचा, माझी नोकरी तरी आहे." साहजिक आहे. पण त्याने पैसे कुठून काढले, बाटली कुठे लपवली, सकाळी आरशात बघताना काय वाटलं, हे ऐका. तिथे आपलं काहीतरी सापडतं.

थैली फिरते. दहा-वीस रुपये टाकतात लोक, त्यातून भाडं, चहा, पुस्तकं भागतात. बाहेरून देणगी गट घेत नाही. नव्या माणसाने काही टाकू नये, असं बहुतेक ठिकाणी स्वतःहूनच सांगतात. अमुक महिने किंवा वर्षं दारूविना झाली असतील त्याचा वाढदिवस साजरा होतो, पदक मिळतं, टाळ्या पडतात. पन्नाशीच्या माणसाला "तीस दिवस" म्हणून पदक घेताना रडू फुटलं तर चकित होऊ नका. शेवटी पुन्हा प्रार्थना आणि चहा.

हा चहा घेतल्याशिवाय निघू नका. नव्यांपैकी बरेचजण प्रार्थना संपता संपता चपला घालतात. पण ओळख होते ती या दहा मिनिटांत. किमान तीन फोन नंबर घेऊन जा, आणि त्यातल्या एकाला दुसऱ्या दिवशी काही कारण नसताना फोन करा. कारण नसताना फोन करायची सवय लागली तरच कारण असताना हात फोनकडे जातो. प्यायची तल्लफ साधारण अर्ध्या तासात ओसरते. तेवढा वेळ समोरच्याने बोलण्यात गुंतवून ठेवलं तरी पुष्कळ.

देवाचं काय?

बारा पायऱ्यांत ईश्वर शब्द आहे, आणि त्याच्यापुढे "जसा आम्हाला समजला तसा" अशी पुस्ती जोडलेली आहे. कुणी त्या जागी विठोबा ठेवतो, कुणी येशू, कुणी निसर्ग, कुणी सरळ तो गटच. नास्तिक सभासद भारतातही आहेत. प्रार्थनेच्या वेळी गप्प उभं राहिलं तर कुणी काही म्हणत नाही. पण एखाद्या गटात फारच भजनी वातावरण असेल आणि ते सोसत नसेल तर गट बदला, कार्यक्रम सोडू नका.

महाराष्ट्रात आणखी एक गैरसमज होतो: माळ घातली, बाबाकडे शपथ घेतली, गंडा बांधला की काम झालं. तुळशीची माळ घालून खरोखर सुटलेले वारकरी आहेत, आणि नीट पाहिलं तर त्यांच्याही मागे वारी, दिंडी, सांप्रदायिक भजन असा गट असतो. शपथ एकट्याने घेऊन एकट्याने पाळायची म्हटली की ती पहिल्या लग्नाच्या वरातीपर्यंत टिकते. श्रावणाचंही तसंच. "मी श्रावणात महिनाभर शिवत नाही, म्हणजे मला व्यसन नाही" हे वाक्य मीटिंगमध्ये अनेकांनी स्वतःच्या तोंडून ऐकलेलं असतं. श्रावणात थांबणाऱ्याला थांबता येतं, एवढंच त्यातून ठरतं. श्रावण संपण्याच्या दिवसाची तो किती आतुरतेने वाट पाहतो, त्यावरून बाकीचं ठरवावं. गटातले लोक म्हणून "आयुष्यभर नाही" अशी भाषा करत नाहीत. आजचा दिवस नाही, एवढंच. आणि आजचाही लांब वाटला तर पुढचा तास.

स्पॉन्सर म्हणजे पालक नव्हे

स्पॉन्सर हा आपल्यापेक्षा जुना सभासद. तो बारा पायऱ्यांतून आपल्याला घेऊन जातो. पहिली म्हणजे दारूपुढे आपलं चालत नाही हे मान्य करणं. चौथीत स्वतःचा हिशेब कागदावर मांडायचा, आठवी-नववीत ज्यांना दुखावलं त्यांची यादी करून जमेल तिथे भरपाई करायची. एकट्याने वही घेऊन चौथी पायरी लिहायला बसणारे बहुधा दोन पानांनंतर स्वतःला इतकं झोडपतात की तिसरं पान लिहायच्या आधी गुत्त्यावर पोचतात. म्हणून तिथे सोबत लागते.

घाई करू नका. सहा-सात मीटिंग ऐका, ज्याचं बोलणं पटतं त्याला विचारा. त्याला किमान वर्ष झालेलं असावं, त्याचाही स्पॉन्सर असावा. पुरुषाने पुरुष आणि बाईने बाई निवडावी. नातेवाईक, साहेब, घरमालक नको. त्याच्याकडून पैसे उसने घेऊ नका, त्यालाही देऊ नका. उसनवारीने जितके नवे लोक गटातून गायब झाले, तितके बहुधा भांडणाने झाले नसतील.

आणि स्पॉन्सर डॉक्टर नाही. "नैराश्याच्या गोळ्या म्हणजे दुसरं व्यसनच, बंद कर" असा सल्ला काही जुने सभासद आजही देतात. हा सल्ला चुकीचा आहे. एएचं स्वतःचं साहित्यही सांगतं की सभासदाने डॉक्टरकी करू नये. औषध बदलायचं तर ज्याने लिहून दिलं त्यालाच विचारा.

नाव बाहेर जाईल का

मीटिंगमधलं मीटिंगमध्येच राहावं असा संकेत आहे आणि तो बऱ्यापैकी पाळला जातो. पण तो संकेत आहे, कायदा नव्हे. वकील किंवा डॉक्टरला सांगितलेल्या गोष्टीसारखं संरक्षण त्याला नाही. म्हणून ऑफिसचं नाव, चालू खटल्याचा तपशील, दुसऱ्या माणसाची गुपितं सर्वांसमोर बोलू नका. तसलं स्पॉन्सरशी किंवा समुपदेशकाशी बोला.

आजकाल गळती खोलीतून होत नाही, मोबाईलमधून होते. गटाच्या व्हॉट्सॲप ग्रुपमध्ये गेलात की तुमचा नंबर सर्वांना दिसतो. प्रोफाइल फोटोत मुलांसह सगळं घर असतं, ट्रूकॉलरवर आडनाव आणि कंपनी. आधी सेटिंग बदला किंवा ग्रुपमध्ये न जाता तीन नंबरांवर भागवा. थैलीत यूपीआयने पैसे टाकले तर पूर्ण नाव समोरच्याच्या पडद्यावर जातं, तेव्हा सुट्टे न्या. ऑनलाइन मीटिंगमध्ये पडद्यावरचं नाव बदलून बसा. फोटो काढू नका, कुणी काढत असेल तर थांबवा.

ओळखीचा माणूस दिसलाच तर? तोही त्याच कारणासाठी तिथे आहे. बहुतेक वेळा तोच आधी घाबरलेला असतो.

बाई म्हणून जाताना

बऱ्याच गटांत वीस पुरुष आणि एक बाई असं चित्र दिसतं. फोन करताना थेट विचारा: गटात स्त्रिया आहेत का, फक्त स्त्रियांची मीटिंग कुठे आहे, एखाद्या महिला सभासदाचा नंबर मिळेल का. जवळ नसेल तर ऑनलाइन स्त्रियांच्या बैठका शोधा. उपचारांसाठी मुक्तांगणमध्ये स्त्रियांचा "निशिगंध" हा स्वतंत्र विभाग आहे. नव्या, हळव्या झालेल्या बाईशी जुना सभासद मदतीच्या नावाखाली सलगी करू पाहतो, हा प्रकार जगभरच्या गटांना ठाऊक आहे. घरी सोडायला येतो, रात्री मेसेज करतो, असं झालं तर गटातल्या एखाद्या ज्येष्ठ महिलेला सांगा. गटच बदलावा लागला तरी त्यात तुमचं काही चुकलं असं नाही.

घरच्यांसाठी

ओढून नेऊ नका. बसवून ठेवलेला माणूस दीड तास घड्याळ बघतो आणि बाहेर पडल्यावर त्या अपमानावर उतारा शोधतो. दोन मीटिंगचे पत्ते, वेळ आणि एक नंबर कागदावर लिहून फ्रिजवर लावा. शक्यतो तो शुद्धीवर असताना, सकाळी, एकदाच सांगा. परत आल्यावर "काय बोललास तिथे?" असं विचारू नका. जेवायला वाढा.

पेपरातल्या छोट्या जाहिरातींत "पिणाऱ्याच्या नकळत दारू सोडवा" असं असतं. काहीजण डॉक्टरांनी दिलेलं डायसल्फिरामही गुपचूप भाजीत घालतात. हे करू नका. त्या गोळीवर दारू पडली की चेहरा लाल होतो, छातीत धडधडतं, उलट्या होतात, रक्तदाब कोसळतो, आणि हृदयाचा त्रास असलेला माणूस दगावू शकतो. ती गोळी घेणाऱ्याला सगळं माहीत असताना, त्याच्या संमतीने आणि डॉक्टरांच्या देखरेखीखालीच द्यायची असते.

आणि तुमची स्वतःची मीटिंग वेगळी आहे. अल-अनॉन हे दारुड्यांच्या घरच्यांचे गट 1951 मध्ये सुरू झाले. मोठ्या शहरांत ते कधीकधी एएच्याच इमारतीत, शेजारच्या खोलीत असतात. मुक्तांगणमध्ये पत्नींसाठी "सहचरी" गट आहे. तो पिणं थांबवो न थांबवो, तुम्ही जाऊ शकता. पगाराचे पैसे कसे वाचवायचे, साहेबाला त्याच्या वतीने खोटं का सांगायचं नाही, मारहाण झाली तर कुठे जायचं, असल्या गोष्टी तिथे बायका बायकांना सांगतात. त्या पुस्तकात सापडत नाहीत.

पहिले तीन महिने, आणि घसरलात तर

जुने लोक "नव्वद दिवसांत नव्वद मीटिंग" म्हणतात. पनवेलहून रोज चर्चगेट गाठणाऱ्याला ते शक्य नसतं. आठवड्याला तीन-चार प्रत्यक्ष आणि बाकीच्या दिवशी ऑनलाइन, असं जमवा. वेळ शक्यतो तुमच्या पिण्याच्या वेळेची निवडा. सात वाजता पहिला पेग लागायचा असेल तर सातला बाकावर बसलेले असा. स्टेशनवरून घरी जाताना वाइन शॉप लागत असेल तर रस्ता बदला, दहा मिनिटं जास्त गेली तरी. दुपारी जेवण चुकवू नका. भुकेला आणि थकलेला माणूस तल्लफीला लवकर शरण जातो. पगाराचा दिवस, गटारी, विसर्जनाची मिरवणूक, धुळवड, 31 डिसेंबर आणि मित्राच्या लग्नाची आदली रात्र या तारखा आधीच कॅलेंडरवर लाल करा आणि त्या दिवशीची मीटिंग आजच ठरवा. अनेक गट 31 डिसेंबरला मुद्दाम रात्री उशिरापर्यंत बसतात.

पहिला गट आवडला नाही म्हणून निकाल लावू नका. सहा मीटिंग, तीन वेगवेगळे गट, मग ठरवा. पैसे मागतात, गोळ्या बंद करायला सांगतात, पाणउतारा करतात, फोटो टाकतात, असं दिसलं तर मात्र सहा मोजत बसू नका, पहिल्यालाच निघा.

आणि घेतलीत तर? लपवू नका, बाटली संपवायची वाट बघू नका, दुसऱ्या दिवशी मीटिंगला जा. प्यायलेल्या अवस्थेत गेलात तरी शांत बसलात तर बहुतेक ठिकाणी बसू देतात, बोलू मात्र देत नाहीत. दारूविना दिवसांची मोजणी पुन्हा पहिल्या दिवसापासून सुरू होते, पण शिकलेलं पुसलं जात नाही. एक खरा धोका आहे: काही महिने बंद राहिल्यावर शरीराची सहनशक्ती उतरलेली असते. जुन्या मापाने प्यायलात तर तेवढीच दारू जड जाते. आणि पुन्हा रोज सुरू होऊन हात थरथरायला लागले असतील तर रांग पुन्हा पहिल्यापासून: आधी डॉक्टर.

जवळ गटच नसेल तर

तालुक्याच्या गावात, वाडीवर, किंवा मस्कतच्या लेबर कॅम्पमध्ये एकट्या मराठी माणसाला गट कुठून मिळणार? फोनवरच्या आणि ऑनलाइन मीटिंग आहेत, त्यात मराठी-हिंदी बैठकाही असतात. परदेशातून भारतीय वेळेच्या संध्याकाळी जोडून घेता येतं. एएच्या नियमाप्रमाणे दारूपासून दूर राहण्यासाठी दोन-तीन मद्यासक्त एकत्र बसले तरी तो गट होतो. परवानगी लागत नाही, नोंदणी लागत नाही. व्यसनमुक्ती केंद्रातून परत आलेला तालुक्यातला आणखी एक माणूस शोधा. केंद्राच्या समुपदेशकाला विचारा, तो दोघांची संमती घेऊन गाठ घालून देईल. मग समाजमंदिराची किंवा शाळेची एक खोली, आठवड्यातला एक ठरलेला वार, ठरलेली वेळ. पानभर वाचन, दहा मिनिटं तो, दहा मिनिटं तुम्ही, मग चहा. एखाद्या आठवड्यात दुसरा आला नाही तरी वेळ संपेपर्यंत खोली उघडी ठेवा, आणि पुढच्या आठवड्यात वार बदलू नका. उशिरा का होईना, त्याला तोच वार आठवणार असतो.